दाढेचं इंजेक्शन, अकरा वर्षांची भीती आणि सांगलीतला हा दवाखाना

आधीच सांगते, हे लांबणार आहे. रूट कॅनाल छान झालं, स्टाफ चांगला आहे, एवढं दोन ओळीत लिहून मला भागणार नाही, कारण मला सगळं जे सांगायचंय ते ड्रिलिंग सुरू होण्याच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल आहे, म्हणजे भुलीच्या इंजेक्शनबद्दल. ज्यांना दाताच्या डॉक्टरची भीती नाही त्यांनी खुशाल पुढं जावं. पण ज्यांनी दाढ दुखत असताना लवंग दाबून दाबून महिने काढलेत त्यांनी हे वाचाच.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. २०१४ साली माझी खालची अक्कलदाढ काढली होती, सांगलीत नाही, दुसऱ्या गावात, आणि त्या दवाखान्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. खुर्चीत बसले, आ करा म्हणाले, आ केला, आणि सुई आत. काही लावलं नाही, काही सांगितलं नाही, मोठ्या बाटलीतून साध्या सिरिंजमध्ये औषध भरून घेतलं होतं (त्यात चूक काही नाही, आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी तसंच करतात) आणि ती सगळी सिरिंज पाच-सात सेकंदात रिकामी केली. जबड्याच्या सांध्यापाशी आत कुणीतरी मिरचीचं पाणी दाबून भरतंय असं वाटलं. मी हात वर केला तर म्हणाले हात खाली, हलू नका, काही होत नाही. मग अर्ध्या मिनिटात छाती एवढी धडधडायला लागली की हात थरथरत होते, मला खरंच वाटलं हार्ट अ‍ॅटॅक येतोय, डोळ्यातून पाणी यायला लागलं, तर तिथली असिस्टंट म्हणाली, अहो बायका बाळंतपण सोसतात, मग एवढ्याशा सुईला काय घाबरताय.

त्या एका वाक्याचा राग माझा अजून गेलेला नाही. बाळंतपणाचा आणि याचा काय संबंध? माणूस दुखतंय म्हणून सांगतोय तर ते ऐकून घ्यायचं की त्याला लाज वाटेल असं बोलायचं? वर भूल पुरती चढायच्या आत दाढ हलवायला घेतली ते वेगळंच.

त्यानंतर अकरा वर्षं मी दाताच्या खुर्चीत बसले नाही. डावीकडची खालची दाढ किडत चाललीय हे दिसत होतं, गार पाणी लागलं की कळ यायची, मग मी उजवीकडून चावायला लागले, मग उजवीकडची वरची पण खराब झाली. पेनकिलर, मिठाच्या गुळण्या, लवंग तेल, सगळं केलं. मुलाला मात्र सकाळ-संध्याकाळ दात घासायला लावायची. यंदा जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात खालची दाढ रात्री दोन वाजता ठणकायला लागली ती थांबेचना, आडवं झालं की जास्त, उठून बसलं की जरा कमी, अशा तीन रात्री काढल्या आणि चौथ्या दिवशी स्टाफरूममधल्या एका मॅडमनी मला अक्षरशः धरून विश्रामबागेतल्या या दवाखान्यात आणलं.

इथं पहिला फरक फॉर्मवरच दिसला. बीपी, शुगर, अ‍ॅलर्जी, चालू गोळ्या हे सगळं असतंच, पण त्यात एक प्रश्न होता, आधी दातांच्या इंजेक्शनचा काही त्रास झाला होता का. मी तिथं एवढं लिहिलं की जागा संपली. आणि डॉक्टर मॅडमनी ते खरंच वाचलं हो. एक्स-रे बघायच्या आधी त्यांनी तो कागद हातात घेऊन विचारलं, छाती धडधडली ती किती वेळ? मी म्हणलं पाचेक मिनिटं असेल. मग त्यांनी जे सांगितलं ते मला अकरा वर्षांपूर्वीच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

भुलीच्या औषधात बधिर करणारं लिग्नोकेन नुसतंच नसतं, त्यात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं. ते तिथल्या रक्तवाहिन्या आकसून धरतं म्हणजे औषध लगेच वाहून जात नाही, भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी येतं. आपल्याकडं साधारण १:८०,००० या प्रमाणात असतं, म्हणजे ८० लिटरला १ ग्रॅम, एवढंसं. पण सुईचं टोक चुकून रक्तवाहिनीत असेल किंवा औषध घाईत ढकललं गेलं तर ते एकदम रक्तात जातं आणि छाती धडधडते, हात कापतात. घाबरल्यावर आपलं शरीर स्वतःचं अ‍ॅड्रेनलिन सोडतंच, ते वेगळं. म्हणून सुई आत गेल्यावर आधी जरा मागं ओढून रक्त येतंय का बघायचं असतं आणि मगच औषध सोडायचं असतं. त्या म्हणाल्या, तुमचा तो हार्ट अ‍ॅटॅक नव्हता आणि तुमच्या मनाचा खेळ पण नव्हता, ते खरंच झालं होतं. हे ऐकून मला तिथंच रडू आलं. इतकी वर्षं मी स्वतःलाच भित्री समजत होते.

त्या दिवशी इंजेक्शन दिलंच नाही असं नाही, दिलं, कारण ठणका थांबवायचा होता. पण आधी काय काय होणार ते सगळं सांगून. खालच्या दाढेला वरच्यासारखं जागच्या जागी इंजेक्शन देऊन भागत नाही, खालच्या जबड्याचं हाड जाड असतं, औषध त्यातून झिरपत नाही, म्हणून मागं जिथं संवेदनेची नस हाडात शिरते तिथं जाऊन तिला गाठावं लागतं, त्याला ब्लॉक म्हणतात, त्यासाठी सुई लांब लागते. त्या म्हणाल्या, सुई बघायची नसेल तर बघू नका, बघायची असेल तर दाखवते. मी म्हणलं दाखवा. नवीन सुई माझ्यासमोर फोडली, काचेची छोटी नळी होती १.८ मिलीची, पोहे खायच्या चमच्यात अर्धा चमचासुद्धा भरणार नाही एवढं औषध. डावा हात मोकळा ठेवा, वर केला की मी थांबणार, असं त्यांनी सांगितलं. मी मनात म्हणलं बघू.

मग त्यांनी गालाच्या आत मागच्या बाजूला कापसानं पुसून कोरडं केलं आणि जेल लावलेला बोळा ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाल्या, दोन मिनिटं. आणि खरंच दोन मिनिटं थांबल्या! मोबाईल बघितला नाही, बाहेर गेल्या नाहीत, शाळा कधी सुरू होतेय वगैरे बोलत बसल्या. ओल्या जागेवर जेल लावून लगेच सुई टोचली तर त्या जेलचा काही उपयोग नाही, आणि नीट लावलं तरी ते वरचे दोन-तीन मिलिमीटरच बधिर करतं, म्हणजे टोचल्याचं कळत नाही पण आत खोलवर गेलेलं कळणार, हे त्यांनी आधीच सांगितलं. मला हे फार आवडलं. काही दुखणार नाही असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, आत गेल्यावर दाबल्यासारखं वाटेल, थोडं चुरचुरेल, कदाचित जिभेत नाहीतर ओठात करंटसारखी सणक येईल, आली तर घाबरू नका, सुई नसेजवळ आलीय एवढाच अर्थ, खूण करा, मी जरा मागं घेते.

सुई टोचताना त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटांनी माझा गाल धरून हलवला, जरा जोरातच. टोचलेलं मला कळलं नाही. हे काही जादू नाही, ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, पोळलं की हात झटकतो, तेच आहे, स्पर्शाच्या आणि हालचालीच्या संवेदना दुखण्याच्या संवेदनेला मज्जारज्जूतल्या दारातच अडवतात. मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली हे दाराचं म्हणणं मांडलं, मी दहावीच्या पोरांना सांगते ते अधूनमधून, पण स्वतःच्या गालावर कधी अनुभवलं नव्हतं.

आणि मग औषध. एवढं सावकाश औषध सोडतात हे मला माहीतच नव्हतं. थोडं सोडलं, थांबल्या, विचारलं ठीक आहे का, परत थोडं. जवळजवळ दोन मिनिटं लागली त्या अर्ध्या चमच्याला. चुरचुरलं, नाही असं नाही, मध्ये एकदा सणक पण आली जिभेच्या कडेला, मी डावा हात वर केला आणि त्या थांबल्या. हात तिथंच थांबला त्यांचा. सुई किंचित मागं घेतली, विचारलं गेली का, मी डोळ्यांनी हो म्हणलं, मग पुढं. खरं सांगू का, त्या थांबण्यानंच माझं निम्मं दुखणं गेलं. आपण खूण केली की समोरचा थांबतो हे एकदा कळलं की अंग आपोआप सैल होतं, खांदे खाली येतात, आणि सैल अंगाला कमी दुखतं.

घरी आल्यावर मी यावर वाचलं, स्वभावच आहे. चुरचुरतं का तर ते औषध आम्ल असतं. अ‍ॅड्रेनलिन टिकावं म्हणून त्यात मेटाबायसल्फाइट घालतात आणि औषधाचा सामू (पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) चारच्या आसपास ठेवतात, साधारण टोमॅटोच्या रसाइतका, आणि आपल्या शरीराचा सामू ७.४. म्हणजे पेशींच्या मध्ये आपण आम्ल सोडतोय. हळूहळू सोडलं तर शरीर ते तिथल्या तिथं निवळत जातं, आणि पेशींना बाजूला सरायला वेळ मिळतो. घाईत ढकललं की आम्ल पण एकदम आणि दाब पण एकदम. मिरचीचं पाणी म्हणून जे वाटलं होतं ते हेच. काही ठिकाणी औषधात ऐनवेळी सोडियम बायकार्बोनेट मिसळून त्याचं आम्ल कमी करतात, त्यानं चुरचुर कमी होते, इथं तसं करत नाहीत, विचारलं मी. फ्रीजमधली गार नळी लगेच टोचू नये हे मात्र पाळतात, आधी बाहेर काढून ठेवलेली असते. सुई किती बारीक आहे याच्यापेक्षा औषध किती सावकाश सोडलं याला जास्त महत्त्व आहे असं मॅडम म्हणाल्या आणि मला ते पटलं, कारण २०१४ ला सुई कशी टोचली ते मला आठवतसुद्धा नाही, आठवतं ते त्यानंतरचं.

आता खरी गोष्ट पुढं आहे. दहा मिनिटांनी अर्धा ओठ जड झाला, जीभ जड झाली, मला वाटलं झालं, आता करतील सुरू. त्यांनी ड्रिल हातात घेतलं नाही. कापसाच्या छोट्या बोळ्यावर काहीतरी बर्फासारखं गार स्प्रे करून तो दाढेला लावला. आणि मला ते गार लागलं! कळ आली. म्हणजे ओठ बधिर पण दाढ जागीच. त्या म्हणाल्या, मला हीच शंका होती, म्हणूनच बघितलं. दाढेतली नस सुजलेली, पेटलेली असली की भूल पुरती लागत नाही, असं पुष्कळ वेळा होतं, खालच्या दाढांना तर जास्तच, त्यात तुमची काही चूक नाही आणि तुम्ही काही जास्त नाजूक नाही. सुजलेल्या जागी आधीच आम्ल वाढलेलं असतं, त्यात औषध विद्युतभारित रूपातच अडकून राहतं, त्यातलं नसेच्या पडद्यातून आत जाण्यासारखं कमी उरतं, आणि पेटलेली नस नेहमीपेक्षा जास्त चिडकी असते ते वेगळं.

मग त्यांनी दुसरं औषध घेतलं, आर्टिकेन, चार टक्क्यांचं, आणि दाढेच्या बाहेरच्या बाजूला हिरडीत तसंच सावकाश दिलं. ते तर काहीच कळलं नाही. आणखी दहा मिनिटं थांबलो. परत गार बोळा. काही नाही. परत एकदा, दुसऱ्या बाजूच्या चांगल्या दाताला लावून फरक दाखवून. काही नाही. मग ड्रिल.

२०१४ ला मला हेच मिळालं नव्हतं. तेव्हा ओठ जड झाला का विचारलं, मी हो म्हणलं आणि काम सुरू, आणि मी ओरडले तर भूल दिलीय, दुखूच शकत नाही असं उत्तर. ओठ बधिर होणं म्हणजे दाढ बधिर होणं नाही. ही एवढी साधी गोष्ट तपासायला एक कापसाचा बोळा लागतो आणि वीस सेकंद लागतात. ज्यांना ज्यांना सांगितलं गेलंय की दुखूच शकत नाही, त्यांना मला सांगायचंय की तुम्हाला दुखलं असेल तर दुखलंच होतं.

रूट कॅनाल तीन वेळा जाऊन झालं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, नीट झालं, दुखत नाही. पहिल्या दिवसानंतर जबडा दोन-तीन दिवस अवघडल्यासारखा होता, तोंड पूर्ण उघडत नव्हतं, तेही आधी सांगितलं होतं की ब्लॉकनंतर मागच्या स्नायूला सुई लागते त्यानं कधीकधी होतं, कोमट पाण्याच्या गुळण्या करा, हळूहळू तोंड उघडायचा व्यायाम करा. तसंच झालं, गेलं. ओठ सुटायला साडेतीन तास लागले.

उजवीकडची वरची दाढ मात्र काढावीच लागली, वाचण्यासारखी नव्हती. तेव्हा टाळूचं इंजेक्शन घ्यावं लागलं आणि ते दुखलं. हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल इथं काहीच दुखत नाही. टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, कैरीच्या कोयीला गर चिकटलेला असतो तशी, तिथं औषधाला शिरायला जागाच नाही, म्हणून ते सगळ्यात दुखरं. मॅडमनी आधी गालाच्या बाजूनं भूल दिली, मग टाळूवर कापूस गुंडाळलेल्या काडीनं एक जागा चांगली दाबून धरली, पार पांढरी होईपर्यंत, आणि दाब न सोडता तिच्या कडेला सुई टेकवून थेंबथेंब सोडलं, पाव मिलीच्या आसपास असेल. दहा सेकंद डोळ्यात पाणी आलं. पण त्या म्हणाल्याच होत्या की हे दहा सेकंद तुम्हाला नको वाटतील, मोजते मी मोठ्यानं. आणि मोजले. दुखणं किती वेळ आहे हे माहीत असलं की ते सोसता येतं.

ऑगस्टमध्ये मुलाला घेऊन गेले, आठ वर्षांचा आहे, दुधाची दाढ किडली होती. मला त्याच्यापेक्षा माझी भीती होती की माझी भीती त्याला लागेल. मॅडमनी मला खुर्चीच्या डोक्याकडं न बसवता पायाकडं बसवलं, पाय धरा म्हणाल्या, धरून ठेवायला नाही, नुसता हात ठेवा. त्याला आरसा दिला, जेल बोटावर लावून दाखवलं, बोटाला मुंग्या येतात का बघ, तो म्हणाला जरा जरा. दाढेला झोपवायचं औषध आहे, आत जाताना चिमटा काढल्यासारखं होईल, मग जड वाटेल, असं सांगितलं. तो रडला मध्ये. त्या थांबल्या, रडू दिलं, म्हणाल्या दुखलं ना, बरोबर आहे तुझं, आता अर्धं झालंय, बाकीचं अर्धं तू हो म्हणल्यावर. अर्ध्या मिनिटानं त्यानं मान हलवली. मी पाय धरून बसले होते आणि मला वाटत होतं, आठ वर्षांच्या पोराला विचारतायत, मला चौतीसाव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं.

एक खास लहान मुलांसाठी, घरी गेल्यावर ओठ सुटेपर्यंत मुलाजवळ बसून राहा. बधिर ओठ त्यांना गंमत वाटते, चावत बसतात, आणि भूल उतरल्यावर ओठ सुजून फोड येतो. तोपर्यंत खायला देऊ नका, द्यायचंच तर दूध, ताक असलं काहीतरी, गरम नको. यांच्याकडं यासाठी हातावर छोटा स्टिकर लावतात, माझा ओठ झोपलाय असा, तो शाळेत बाईंना पण कळतो.

सासूबाईंना पण नेलं एकदा, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. त्यांचं बीपी आधी मोजलं, सकाळची गोळी घेतलीय का, काही खाल्लंय का विचारलं, उपाशीपोटी कुणालाच भूल देत नाहीत इथं, चक्कर येऊ शकते. खुर्ची पण सगळ्यांची आडवी करतात इंजेक्शनच्या वेळी, त्याचं कारण तेच. अ‍ॅड्रेनलिनचं काय हा माझा प्रश्न होता, तर म्हणाल्या हृदयाचा त्रास असणाऱ्यांना साधारण दोन नळ्यांच्या पलीकडं जात नाही, आणि भूल कमी देऊन दुखू दिलं तर शरीर स्वतः जे अ‍ॅड्रेनलिन सोडतं ते जास्त असतं. सासूबाईंना झायलोकेन हा शब्द माहीत होता, त्यांच्या माहेरच्या डॉक्टरांकडून. लिग्नोकेनचंच ते बाजारातलं नाव, १९४८ साली आलं. त्याच्या पाच वर्षं आधी स्वीडनमध्ये लॉफग्रेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा बनवलं होतं आणि त्यांच्याबरोबरच्या लुंडक्विस्टनी ते स्वतःच्या अंगावर टोचून बघितलं होतं. मी हे घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, मग त्यांना माहीत असणार टोचल्यावर कसं वाटतं ते.

तक्रारी पण आहेत. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, सासूबाईंना चढवता चढवता दमलो, गुडघेदुखीवाल्यांनी आधी विचार करा. पार्किंग नाहीच म्हणा. आणि वाट बघावी लागते, अपॉइंटमेंट पाचची असली तरी पावणेसहा धरून चला, कारण प्रत्येकाला एवढा वेळ दिला की पुढचं सगळं लांबतंच. पहिल्यांदा मी वैतागले होते बाहेर बसून, नंतर कळलं की आतल्याला जो वेळ मिळतोय तोच मला पण मिळणार आहे. तरीपण फोन करून उशीर होणार एवढं कळवायला काय हरकत आहे, रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलंय मी, अजून तरी फरक नाही. पैसे थोडे जास्त आहेत, रूट कॅनालला माझ्या मैत्रिणीनं दुसरीकडं दिले त्यापेक्षा माझे हजार-बाराशे जास्त गेले, कॅपचे वेगळे. जेलचे, दुसऱ्या इंजेक्शनचे वेगळे पैसे लावले नाहीत.

मशीनबद्दल मला दोघा-तिघांनी विचारलं म्हणून लिहिते. कॉम्प्युटरवर चालणारं इंजेक्शनचं यंत्र असतं, वाँड नावाचं १९९७ च्या सुमाराला अमेरिकेत आलं, पेनासारखं दिसतं, औषध एका लयीत थेंबथेंब सोडतं. आता मोठ्या शहरात काही ठिकाणी आहे. इथं नाही. मी मॅडमना विचारलं की घेणार का, तर म्हणाल्या त्याचा मुख्य फायदा म्हणजे ते घाई करत नाही, आणि घाई न करणं हातानं पण जमतं. असेल तर चांगलंच आहे, पण तुमच्या जवळपास मशीन नसेल तर अडून बसू नका, डॉक्टर जेल लावून थांबतात का, हात वर केला की थांबतात का, गार लावून तपासतात का हे विचारा. विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरना या प्रश्नांचा राग येत नाही.

इथं यायचं असेल तर फोनवरच सांगा की इंजेक्शनची भीती आहे, मग पहिल्या दिवसाला अर्धा तास जास्त राखून ठेवतात. शक्यतो सकाळची वेळ घ्या, जेवून-खाऊन जा, आणि संध्याकाळी सातनंतरची नको, तेव्हा फार गर्दी असते. माझी कॅप पुढच्या गुरुवारी बसतेय.